सासूचा खो

माझा आवाज मोठा आहे, हे मला पहिल्यांदा शेजारच्या गावातल्या माणसानं सांगितलं. आठवडी बाजारात मी कोथिंबीर निवडत होते, तर तो म्हणाला, "वहिनी, परवा तुमची म्हैस सुटली होती ना? सापडली का?" त्याला कुणी सांगितलं, विचारलं तर म्हणाला, "कुणी कशाला सांगाय पाहिजे? आमच्या गोठ्यात ऐकू आलं की!"

एवढा आवाज, पण आमच्या घरात त्याचा कुणाला काडीचा उपयोग झाला नाही. आमचे हे इथंच ढोकीला साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. उसाच्या ट्रॅक्टरांमध्ये उभा जन्म गेल्यामुळं माझा आवाज म्हणजे त्यांना शांतताच वाटते. मी ओसरीतून "जेवायला या" म्हणून हाक मारली, की गल्लीतली चार घरं ताटावर बसतात आणि आमचे हे पेपरचं पान उलटतात. मुलगा अमोल बापाच्या वरताण. त्यानं कानात त्या पांढऱ्या बोंड्या घातलेल्या असतात. (बोंड्या नसल्या तरी तो तसाच बसतो, हे मी तपासून पाहिलं आहे.) थोडक्यात, मी ओरडायचं आणि कुणी जागचं हलायचं नाही, असा आमचा सुखाचा संसार चालला होता.

मग अमोलचं लग्न झालं आणि घरात पल्लवी आली. बेंबळीची पोर. शाळेपासून खो-खो खेळलेली. बघायला गेलो तेव्हा तिच्या वडलांनी ते सांगितलं होतं आणि आम्ही "हो का, वा वा" म्हणून पोह्याकडं वळलो होतो.

आमच्या घरामागं शाळेचं मैदान आहे आणि गावातल्या पोरींचा खो-खोचा संघ तिथं रोज संध्याकाळी सराव करतो. पल्लवी नेमकी त्याच वेळी भांडी घेऊन मागल्या दारी बसायची. आठ दिवस मी बघत होते. पोरीची नजर भिंतीपलीकडं, हातात एकच तांब्या, आणि त्या तांब्याच्या तळाला भोक पडायची वेळ आलेली.

"खेळायचंय का गं तुला?"

"न्हाय आत्या. नुसतं बघत होते."

"तुझ्या बघण्यानं तांब्या झिजला माझा. ऊठ!"

तसाच पदर खोचला, तिच्या राखेच्या हातांसकट तिला धरलं आणि मैदानावर नेऊन सरांपुढं उभी केली. सर म्हणजे पोरींचे कोच. शिट्टी गळ्यात आणि हसू घरी ठेवून येणारा माणूस.

"काकू, राग मानू नका," सर म्हणाले, "पण लग्न झालेली पोरगी संघात टिकत न्हाई. आज पाहुणे, उद्या उपवास, परवा डोहाळे."

"पाहुणे मी बघते. उपवास मी धरते. डोहाळ्याचं तेवढं मला जमणार न्हाय, पण बाकी सगळं माझ्याकडं!"

सर थोडे हबकले. मग म्हणाले, "पुढल्या महिन्यात धाराशिवला जिल्ह्याची स्पर्धा हाय. पहिल्या सामन्याला खेळवतो तिला. जमलं तर कायमची संघात. न्हाय जमलं तर पुन्हा हा विषय काढायचा न्हाय. कबूल?"

"कबूल!" मी म्हणाले. (पल्लवीला कुणी विचारलंच नाही. ती चप्पल काढून कधीच मैदानात पळाली होती.)

त्या दिवसापासून सराव झाला की अख्खा संघ पाणी प्यायला आमच्या ओसरीवर येऊ लागला. मी गूळ-शेंगा पुढं ठेवायची आणि पोरी बोलायला लागायच्या. आता मी ढोकीची, बोलणाऱ्या मराठी, ओसरी माझी, शेंगा माझ्या. पण त्या काय बोलतात त्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं!

"तुझी दोनदा बस गेली आज."

"मग? मागल्या सामन्यात ती वेणीवाली दळण टाकत बसली, आन् तू तिला खांब दिलास."

"म्या दिला? हिचं दूध गेलं तवा!"

दूध म्हटल्याबरोबर मी स्वयंपाकघरात पळाले. गॅस बंद, पातेलं गार. बाहेर येऊन बघते तर सगळ्याच्या सगळ्या पोरी पोट धरून हसायलेल्या, आणि त्यात आमची सून सगळ्यात पुढं! मला जरा लागलं. खरंच लागलं. घरात आलेली पोर त्या पोरींमध्ये दोन दिवसांत मिसळली, आणि मी तिच्याशी भाजी कुठली करायची यापलीकडं एक वाक्य बोलत नव्हते. मी ठरवलं, ही भाषा शिकायची. शिकल्याशिवाय सोडायची नाही.

संघाची कप्तान सानिया. अंगानं काटकुळी, पण डोळ्यांनी सरांनाही गप्प बसवणारी. तिला मी जादा शेंगा देऊन फोडलं.

"सोपं हाय काकू. खो मिळायच्या आधीच बसलेला गडी उठला, की दूध उतू गेलं म्हणायचं. फाऊल होतो. खो द्यायला उशीर झाला, पाठलाग करणारी बसलेल्या गड्याला ओलांडून पुढं गेली, की बस गेली. तोबी फाऊल. आन् पळणारी एकाच खांबाभोवती गरागरा फिरायली की दळण. आन् तिला तिथंवर पोचू दिलं, की खांब दिला."

"आन् हे सगळं साध्या शब्दात का म्हणत न्हाय तुम्ही?"

"मग समोरच्या संघाला कळंल की, काकू!"

हे मला पटलं. त्यांचे नियमही मी शिकले. सामन्याच्या दिवशी "जिंकून या" असं कुणी म्हणायचं नाही. दोन खांबांमधल्या पाटीवर चप्पल घालून पाय द्यायचा नाही. मैदानात चूक कुणाचीही असो, बाहेरच्या माणसाला नाव सांगायचं नाही. आठवडाभरात मी तरबेज झाले. आमच्या ह्यांना चहा द्यायला उशीर झाला की म्हणायची, "बस गेली!" हे बिचारे स्टँडच्या दिशेनं बघायचे.

पण सरांचा चेहरा काही खुलत नव्हता. एके दिवशी मी भिंतीवरूनच विचारलं, "कसं काय जमायलंय सुनेचं?"

"पळणं चांगलं हाय," सर म्हणाले. "खांबावर सूर तर असला मारती की बघत राहावं. पण कान जड झालाय, काकू. वर्षभर खेळली न्हाय ना. पाठीवर हात पडतो, कानात खो पडतो, आन् बाई निवांत उठायली! एवढ्या वेळात पळणारी बार्शीला पोचती."

कान जड! माझ्या घरात, माझ्या आवाजाच्या छायेत, कुणाचा कान जड? मला तो माझा अपमान वाटला.

दुसऱ्या दिवशी पल्लवी मांडी घालून तांदूळ निवडत बसली होती. मी पाठीमागून गेले, तिच्या पाठीवर थाप मारली आणि पोटातून ओरडले, "खो!"

पोरगी उठली. तांदूळही उठले. निम्मे ओसरीत आणि निम्मे ह्यांच्या पेपरात.

"आत्या! काय करायलात?"

"सराव! बस खाली. परत."

तेव्हापासून आमच्या घरात वेळकाळ राहिला नाही. पल्लवी लसूण सोलायली, खो! पल्लवी फोनवर आईशी बोलायली, खो! ती "आई, थांब" म्हणून उठायची, दारापर्यंत पळायची, परत येऊन "हां, बोल" म्हणायची. तिकडं बेंबळीला तिच्या आईला काय वाटत असेल देव जाणे. पण पोरगी रोज जरा जास्त चपळ उठत होती, आणि रोज जरा जास्त हसत होती. सकाळी मला उठायला उशीर झाला तर स्वतःच पाट घेऊन येऊन बसायची. "आत्या, द्या की खो." ते ऐकून मला काय वाटायचं ते सांगून समजायचं नाही. माझ्या हाकेला कुणीतरी जागचं उठतंय, हे मी जन्मात पहिल्यांदा बघत होते!

आणि इथंच घोटाळा झाला.

खो-खोचा साधा नियम आहे: बसलेल्या गड्याच्या पाठीला हात लावायचा आणि खो म्हणायचं. दोन्ही पाहिजे. पण प्रत्येक वेळी वाकून पाठीला हात लावायचा म्हणजे माझे गुडघे लागले कुरकुरायला. मी विचार केला, हात लावलाच पाहिजे असं कुठं आहे? आवाज आहे की आपला! म्हणून मी हात लावणं सोडून दिलं. कॉटवर बसून खो. गच्चीवरून खो. दळण आणायला गेले तर गिरणीतून निघताना खो, म्हणजे मी घरी पोचेपर्यंत तिची एक फेरी झालेली असावी. पल्लवी बिचारी जिथं असेल तिथून उडायची. मैदानावर सरांनी एकदा तोंड भरून सांगितलं, "काकू, काय खायला घालायलात? वीज झालीय पोरगी!" मी पदर सारखा केला आणि म्हणाले, "शेंगा."

त्याच आठवड्यात माकणीच्या आक्का आल्या. आक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंद. त्यांचा स्वभाव असा, की लग्नात वाढपी चांगला असेल तरी त्या म्हणणार, "वाढतोय चांगला, पण चालतोय कसा!" त्यांच्याबरोबर भावकीतल्या चार बायका होत्या. पल्लवी डोक्यावर पदर घेऊन, पाटावर बसून, चहाच्या कपांचा ट्रे मांडत होती. अगदी चित्रासारखं चाललं होतं. तेवढ्यात मागल्या भिंतीवर मैदानातला चेंडू येऊन आपटला, आणि मला काय वाटलं कुणास ठाऊक, सवयीनं माझ्या तोंडातून निघालं, "खो!"

पल्लवी ट्रेसकट उठली, ट्रेसकट पळाली, मागल्या दाराच्या चौकटीला हात लावून ट्रेसकट परत आली. एक थेंब सांडला नाही! मला असला अभिमान वाटला म्हणून सांगू. पण भावकीतल्या बायका भिंतीला चिकटल्या होत्या.

"काय गं शकुंतला," आक्का म्हणाल्या, "सून आणलीस का वासरू?"

"आक्का, खो-खो खेळती ती. जिल्ह्याला खेळणार हाय."

"लग्न झाल्यावर? पोरंसोरं बघत असतील, आन् ही पळणार? लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणतात ते ऐकाय तुम्हीच या की! रविवारी धाराशिवला सामना हाय. माझी सून खेळती कशी ते बघा, आन् मग बोला!"

हे वाक्य मी जरा जोरात बोलले असावे. कारण संध्याकाळपर्यंत अख्ख्या ढोकीला सामन्याची तारीख माहीत होती.

रविवारी आम्ही सगळे धाराशिवला गेलो. आमचे हे पेपर घेऊन, आक्का धपाट्यांचा डबा घेऊन, आणि मी पुढं बसायचा निश्चय घेऊन. अमोलला तो कामाला असतो त्या शोरूममधून सुट्टी नव्हती, म्हणून तो व्हिडिओ काढून पाठवा म्हणाला होता. दोरीला लागून पहिल्या रांगेत मी ठाण मांडलं. पोरी आत जायला लागल्या तेव्हा बाकीचे आईबाप "जिंकून या, जिंकून या" करत होते. मी गप्प. मी संघाचीच होते ना! पल्लवीचा चेहरा पांढरा पडला होता. जाता जाता ती माझ्याजवळ थांबली आणि हळूच म्हणाली, "आत्या, आज जमलं न्हाय तर सर परत घेणार न्हाईत." मी नियमाप्रमाणं काही बोलले नाही. नुसता तिचा हात दाबला.

सामना बरोबरीत चालला. आमच्या पोरी पळाल्या, त्यांच्या पोरी पळाल्या, आणि शेवटच्या डावात आमचं आक्रमण आलं. म्हणजे आमच्या आठ जणी मधल्या पाटीवर एकाआड एक उलट्या दिशेला तोंडं करून बसलेल्या, आणि नववी पळणारीच्या मागं. जिंकायला जेवढे गडी टिपायचे ते टिपत टिपत आम्ही जवळ आलो होतो. पल्लवी मध्यावर बसली होती, पाय जमिनीत रोवून. समोरच्या संघातली ती वेणीवाली, जिच्या नावानं पोरी महिनाभर बोटं मोडत होत्या, ती पळत पळत बरोबर पल्लवीच्या समोर आली. सानिया तिच्या मागं होती, पण दोन जणी सोडून. मला दिसलं की आत्ता पल्लवी उठली तर ही वेणी हातात येते. आणि माझ्या पोटातून, माझी परवानगी न घेता, निघालं, "खोऽऽऽ!"

पल्लवी उठली. विजेसारखी उठली!

पंचांची शिट्टी वाजली. सानिया जागच्या जागी थांबली, वेणीवाली टाळी वाजवत लांब गेली, आणि आमच्या सगळ्या पोरी एका सुरात किंचाळल्या, "दूऽऽध!"

पल्लवीनं वळून माझ्याकडं बघितलं. तो चेहरा मी विसरणार नाही. रागाचा नव्हता हो. पोरगी गोंधळली होती. तिच्या पाठीवर हात नव्हता, पण कानात खो होता, आणि महिनाभर मीच तिला शिकवलं होतं की एवढं पुरतं!

मी पदराचा बोळा करून तोंडात धरला. खेळ परत सुरू झाला. आता काही झालं तरी बोलायचं नाही, अशी शपथ घातली स्वतःला. तेवढ्यात आक्कांनी मला कोपर मारलं.

"आगं, मगाशी शिट्टी कशाला वाजली?"

आता आक्कांना उत्तर दिलं नाही तर जन्मभर बोलणं खावं लागणार. मी बोळा काढला आणि अगदी हळू, कुजबुजत म्हणाले, "अहो आक्का, तसं काही न्हाय, मी जरा खो म्हणाले आन्..."

शिट्टी!

माझं कुजबुजणं मैदानाच्या मध्यापर्यंत पोचलं होतं. पल्लवी परत उभी. पोरी परत "दूध!" आमचे हे पेपरामागून म्हणाले, "आता कुणाची म्हैस सुटली?"

पंच चालत चालत दोरीपाशी आले. "बाई, खेळात अडथळा आणायलात तुम्ही. कोण तुम्ही?"

"मी सासू."

"कुणाची?"

मी तोंड उघडणार, तोच मैदानातून सगळ्या पोरी एका आवाजात म्हणाल्या, "कुणाचीच न्हाई, सर!"

बाहेरच्या माणसाला नाव सांगायचं नाही, हा त्यांचाच नियम. मीच शेंगा खाऊ घालून पाठ केलेला! पंचांनी मला बोट दाखवलं, अजून एक आवाज आला तर मैदानाबाहेर. आणि पलीकडं सरांनी राखीव पोरीला उठवलं. ती अंगातलं जॅकेट काढायला लागली. पल्लवी पाटीवर बसली होती, मान खाली. माझ्यामुळं, फक्त माझ्यामुळं पोरगी बाहेर जाणार होती, आणि पुन्हा मागल्या दारी तांब्या घासत बसणार होती.

मी उठले. ह्यांना म्हणाले, "मी जाते इथून. माझा आवाज पोचणार न्हाय इतकी लांब जाऊन बसते."

हे म्हणाले, "मग तुळजापूरलाच जावं लागंल."

तेवढ्यात सानिया पळत दोरीपाशी आली. आधी सरांकडं वळून म्हणाली, "सर, तिला काढू नका. ती चुकली न्हाई, तिला आवाज चुकीचा मिळाला. आवाज बंद केला की झालं." मग माझ्याकडं बघितलं. सरांना गप्प बसवणारे ते डोळे! "काकू. तोंड."

मी मान हलवली. पण माझ्या तोंडाचा भरवसा मलाच नव्हता. तो विश्वास कुणी दाखवला नाही, ते एका अर्थी बरंच झालं. कारण आक्का उठल्या, डबा उघडला, एक अख्खं धपाटं घडी घालून माझ्या तोंडात कोंबलं आणि म्हणाल्या, "खा!"

मी खाल्लं. ते संपत आलं की आक्का दुसरं कोंबायच्या. मला श्वास घ्यायला जागा नाही, आणि समोर माझ्या सुनेचं नशीब चाललेलं. एरवी मी समजावून सांगितलं असतं, पण माझं तोंड बंद म्हटल्यावर आक्कांना सगळं स्वतःच बघावं लागलं. बघता बघता त्या दोरीवर ओणवल्या. मग पदर कमरेला खोचला. मग मला म्हणाल्या, "ही काळ्या रिबिनीची कुठं निघाली? आगं धर की तिला! खो दे! खो दे!"

आक्का ओरडल्या, चांगल्या बेंबीच्या देठापासून ओरडल्या, आणि पल्लवी तसूभर हलली नाही. आक्का दहादा ओरडल्या असतील. पोरगी पाठीवर हात पडेपर्यंत दगडासारखी बसून. म्हणजे खो म्हटल्यानं ती उठत नव्हती, मी म्हटल्यानंच उठत होती! एवढ्या संकटातसुद्धा मला आतून गुदगुल्या झाल्या. (धपाटं घशात अडकलं ते त्यामुळंच.)

वेळ संपत आली. एकच गडी पाहिजे होता, आणि उरली होती ती वेणीवाली. ती टोकाच्या खांबाला आली आणि तिनं दळण टाकलं. गरागरा, गरागरा. आमची एक गेली, बस गेली. दुसरी गेली, वेणी निसटली. मग सानियानं पल्लवीच्या पाठीवर हात मारला, मी लांबूनसुद्धा तो आवाज ऐकला, आणि खो दिला. पल्लवी उठली. चार ढांगांत खांब गाठला, एका हातानं खांब धरला आणि अंग असं काही झोकून दिलं, की वेणीवाली खांबाच्या पलीकडून वळते न वळते तोच हिची बोटं तिच्या पाठीला लागली.

शिट्टी. आणि त्यामागोमाग शेवटची शिट्टी!

त्यानंतर काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण आक्का माझ्या गळ्यात पडल्या होत्या आणि माझ्या तोंडात डब्यातलं शेवटचं धपाटं होतं. मला एवढंच आठवतं की अंगभर माती लागलेली पल्लवी पळत आली, मला मिठी मारली आणि रडायलाच लागली. मीही रडले. आवाज न करता रडले. (सवय नसल्यानं उचकी लागली.)

"लोकांचं काय घेऊन बसलीस गं," आक्का डोळे पुसत म्हणाल्या. मी तोंड भरलेलं असताना लोकांचं नाव कधी काढलं, कोण जाणे! "पोरगी वीज हाय. माकणीला पाठीव. आमच्या गल्लीतल्या पोरींना शिकवंल."

संध्याकाळी सगळा संघ आमच्या ओसरीवर. सर पहिल्यांदाच आत आले, शेंगा घेतल्या आणि म्हणाले, "पल्लवी संघात राहील. कायमची."

पोरींनी छप्पर डोक्यावर घेतलं. सरांनी हात वर केला. "पण एक अट हाय. काकूंनी रोज सरावाला यायचं."

मी पदर सारखा केला. म्हटलं, शेवटी गुणांची कदर झाली म्हणायची! आता आपण पाटीवर खुर्ची टाकून बसायचं, पोरींना चार गोष्टी सांगायच्या. "येते की," मी म्हणाले, "काय काय शिकवायचं त्यांना?"

"शिकवायचं काही न्हाई," सर घाईघाईनं म्हणाले. "तुम्ही नुसतं दोरीपाशी उभं राहायचं आन् मनात येईल तवा खो म्हणून ओरडायचं. पाठीवर हात पडल्याशिवाय जी उठंल तिला मैदानाच्या पाच फेऱ्या. तुमच्या आवाजाला जी पोरगी हलली न्हाई, ती जगात कुठंबी हलणार न्हाई."

सानियानं मागनं एक घडी केलेला टी-शर्ट काढला आणि माझ्या हातात दिला. संघाचाच. पल्लवीनं तो मला साडीवरूनच चढवला, दंडात अडकला तर दोघीतिघींनी ओढला.

तेव्हापासून मी संघात आहे. रोज संध्याकाळी टी-शर्ट घालून दोरीपाशी उभी राहते आणि जीव तोडून ओरडते. पहिले काही दिवस पल्लवीच्या फेऱ्या झाल्या, मग तीसुद्धा शिकली. आता मी कितीही ओरडले तरी पोरींपैकी एकही जागची हलत नाही, आणि सर मला शाबासकी देतात. तसं बघितलं तर हेच काम मी लग्न झाल्यापासून घरात करत आलेय. फक्त तिथं कधी कुणी टी-शर्ट दिला नव्हता!